श्रेयांसनाथांचा गेंडा आणि महाराजांची पिच्छी



पाठशाळेत चोवीस तीर्थंकरांची लांछने पाठ करताना मुले अकराव्या नावाशी हमखास अडतात. श्रेयांसनाथ भगवान, लांछन गेंडा. बैल, हत्ती, घोडा, माकड हे सगळे त्यांच्या ओळखीचे असतात. गेंडा आपल्या बारामती-इंदापूरकडे कोणाच्या पाहण्यातला नाही. तरी तो आपल्या मातीला अगदी परका नाही बरं का. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली हजारो वर्षांपूर्वीच्या चार ओतीव धातूच्या वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा!

या गेंड्यावरून जगात गेली अनेक वर्षे एक वाद चालू आहे. त्याच्या शिंगाचा व्यापार कायदेशीर केला, तर त्याची चोरटी शिकार थांबेल का? वाद दूरचा वाटतो, पण तो आपल्या मंदिराच्या पायरीपर्यंत कसा येतो, ते आज सांगायचे आहे.

आधी वाद समजून घेऊ. गेंड्याचे शिंग हाडाचे नसते. आपली नखे आणि केस ज्या केराटिनचे असतात, त्याचेच ते बनलेले असते. नीट कापले तर जनावर मरत नाही आणि शिंग पुन्हा वाढते. चीन आणि व्हिएतनाममध्ये ते औषध म्हणून आणि श्रीमंतीची खूण म्हणून विकले जाते. सायटिस नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराने १९७७ पासून या व्यापारावर बंदी आहे. दक्षिण आफ्रिकेने २००९ मध्ये देशातली खरेदी-विक्रीही थांबवली.

तरी शिकार वाढत गेली. त्या देशात २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले होते, २०१४ मध्ये १,२१५. तिथे जॉन ह्यूम नावाचे गृहस्थ खासगी जागेत गेंडे पाळत होते, आणि पुढे त्यांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. त्यांचे म्हणणे असे, की मी शिंग कापून विकतो, त्या पैशातून राखणदार ठेवतो, मग गेंडा जिवंत राहण्यात सगळ्यांचाच फायदा. ते कोर्टात गेले आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने देशांतर्गत बंदी उठवण्याचा निकाल कायम ठेवला. परदेशी विक्रीला मात्र जगाने मान्यता दिली नाही. २०१६ च्या सायटिस परिषदेत स्वाझिलँडने तसा प्रस्ताव आणला, तो मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला.

बी.कॉम.ला आम्हाला मागणी-पुरवठ्याचे जे कोष्टक शिकवले, त्यात ह्यूम यांचे म्हणणे चपखल बसते. पुरवठा वाढवा, भाव पडेल, चोराला परवडणार नाही. पण त्या कोष्टकात एक गोष्ट धरलेली नसते. चोराचा माल आणि सावाचा माल दिसायला एकसारखा असला, तर काय? मग सावाची पावतीच चोराच्या उपयोगी पडते. हे मी अंदाजाने म्हणत नाही. आपल्या देशाने हस्तिदंताच्या बाबतीत हे अनुभवले आहे, आणि त्या गोष्टीत आपल्या पणज्या-खापरपणज्यांचे हातही आहेत.

आपल्यापैकी अनेक घराण्यांची मुळे गुजरात-राजस्थानात आहेत. तिकडे लग्नात नवरीला हस्तिदंताचा चुडा लागे. जसे आपल्याकडे हिरव्या बांगड्यांशिवाय लग्न नाही, तसे तिकडे चुड्याशिवाय नाही. हा दंत बहुतेक आफ्रिकेचा. एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून गलबते भरून तो मुंबई बंदरात येई. काही इंग्लंडला पुढे जाई, काही इथे बांगड्यांसाठी राही. इकडे लग्नसराई आली की तिकडे आफ्रिकेत किती हत्ती पडत, याचा विचार चुडा भरताना कोणाच्या मनात आला असेल असे वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७६ मध्ये भारत सायटिसमध्ये गेला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताचा व्यापार बंद झाला, पण आयात केलेला आफ्रिकी दंत चालू राहिला. इथेच मेख होती. कोरलेली बांगडी किंवा मूर्ती समोर ठेवली, तर दंत केरळच्या हत्तीचा की केनियाच्या, हे गिऱ्हाइकाला काय कळणार? दुकानात आफ्रिकी मालाचा परवाना टांगलेला असला, की त्याच्या आडून देशी हत्तीचा दंत खपवायला वाट मोकळी. शेवटी १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी दंतही बंद केला. व्यापारी कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बंदी योग्य ठरवली. बर्फाखाली सापडणाऱ्या, हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या मॅमथचा दंतसुद्धा बंदीत धरला गेला. मॅमथला आता कोण मारणार? पण त्याच्या नावाखाली हत्तीचा दंत विकता आला असता.

जाता जाता एक कामाची गोष्ट. कोणाच्या कपाटात आजीचा दंताचा चुडा असेल, तर तो विकता येत नाही. ठेवायचा तर मालकीचे प्रमाणपत्र लागते. ठेवायचा नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार तो सरकारकडे स्वेच्छेने जमा करता येतो. त्याचा मोबदला मिळत नाही.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत, याची पंधरा नावांची यादी आपल्याकडे आहे. श्वेतांबर परंपरेत त्यांना कर्मादाने म्हणतात. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांचे विवेचन केले. दिगंबर पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही ही यादी आहे. त्यात एक आहे ‘दंतवाणिज्य’. नावात दंत असला तरी नखे, केस, हाडे, कातडी हे सगळे त्यात येते. जुन्या टीकाकारांनी दिलेले कारण मला फार मोलाचे वाटते. व्यापाऱ्याने जंगलातल्या पुलिंदांना दंतासाठी आगाऊ पैसे दिले, की शेठ आता येतील म्हणून ते हत्ती मारतात. बघा, व्यापाऱ्याने शस्त्र हातात घेतलेले नाही. त्याने फक्त मागणी नोंदवली. कृत, कारित आणि अनुमोदना यांतले कारित ते हेच. अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’ही आहेच, म्हणजे चोरीचा माल घेणे.

आता मोराकडे येते. आपल्या बारामती तालुक्यात मोरगाव आहे, नावातच मोर. गणपतीचे नावही मयूरेश्वर. त्याच नावाचे अभयारण्य जवळ सुप्याला १९९७ मध्ये झाले, ते चिंकारा हरणांसाठी. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याला मारणे मोठा गुन्हा आहे. पण त्याच्या पिसाऱ्याच्या पिसांची देशातली खरेदी-विक्री १९७२ च्या कायद्याने खुली ठेवली, कारण मोर दर वर्षी पावसाळा सरताना पिसारा आपोआप गाळतो. निर्यातीला मात्र बंदी आहे.

म्हणजे गेंड्याच्या शिंगाबद्दल जग जे विचारते आहे, ते मोरपिसाबाबत आपण केव्हाच करून बसलो आहोत. जिवाला न मारता मिळणारी वस्तू, तिचा खुला व्यापार. आणि अडचणही तीच. गळलेल्या पिसाचे मूळ कोरडे, स्वच्छ असते. उपटलेल्या किंवा मेलेल्या मोराच्या पिसाच्या मुळाशी रक्ताचा अंश राहू शकतो. पण मूळ छाटून टाकले, की दोन्ही पिसे सारखीच. बाजारात पंखे, शोभेच्या जुड्या, मुकुट यांसाठी येणाऱ्या पिसांतली कोणती कुठून आली, हे कसे ओळखणार?

दिगंबर मुनी आणि आर्यिका माताजींच्या हाती मोरपिसांची पिच्छी असते, ती जीव वाचवण्यासाठी. बसण्यापूर्वी, काही उचलण्यापूर्वी तिने हळुवार परिमार्जन करायचे. धूळ न धरणारी, घाम न शोषणारी, मऊ, सुकुमार, हलकी, असे तिचे पाच गुण सांगितले आहेत. म्हणून २०१० नंतर केंद्रात पिसांच्या व्यापारावर बंदीचा विचार पुढे आला, तेव्हा आपल्या समाजाने त्याला विरोध केला. ते स्वाभाविकच होते. पिच्छीशिवाय मुनींची चर्या होऊच शकत नाही.

पण सवलत मिळाली म्हणजे जबाबदारी संपली, असे मला वाटत नाही. उलट आपल्या पवित्र उपकरणाचे नाव पुढे करून कोणी शिकारीची पिसे खपवत असेल, तर सर्वांत आधी आपल्याला लाज वाटली पाहिजे. चातुर्मास संपला की पिच्छी परिवर्तनाचा सोहळा होतो. जुनी पिच्छी कोणी व्रत घेऊन स्वीकारायची, नवी कोणी अर्पण करायची, यावर केवढी चर्चा होते! नवीतली पिसे कुठून आली, हे विचारणारी एखादीच.

ते आपण बायकांनी विचारावे. आपल्या भागात मोर पुष्कळ आहेत आणि पिसे गळण्याचा काळ चातुर्मासातच येतो. ओळखीच्या शेतकरी कुटुंबांना सांगून शेतात, बांधावर पडलेली पिसे आणवता येतील. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काहीही उचलायचे नाही. मूळ न छाटलेलेच पीस घ्यायचे. कोणी दिले, कोणत्या शेतातले, कोणत्या महिन्यात, याची एक साधी वही मंदिरात ठेवायची. आणि पिसामागे भाव अजिबात ठरवायचा नाही. भाव ठरला की पुलिंदाला आगाऊ रक्कम दिल्यासारखेच होईल. मोर पिके खातो म्हणून शेतकरी आधीच वैतागलेला असतो, त्यात पिसाला पैसे मिळू लागले तर मोराची धडगत नाही.

गेंड्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. आसाम सरकारने २२ सप्टेंबर २०२१ रोजी बोकाखात येथे वर्षानुवर्षे साठलेली २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली. एवढी दौलत जाळली म्हणून काहींनी नावे ठेवली. पण हे शिंग औषध नाही आणि आम्ही ते कधीच विकणार नाही, हे सरकारला जगाला दाखवायचे होते. २०२२ च्या गणनेत काझीरंगात २,६१३ गेंडे मोजले गेले, आणि त्या वर्षी आसामात एकाही गेंड्याची शिकार नोंदली गेली नाही. हे नुसत्या जाळण्याने झाले नाही. चिखलात, पुरात रात्रंदिवस गस्त घालणाऱ्या वनरक्षकांचे ते श्रेय आहे. आफ्रिकेतल्या गरीब देशांना एवढा पहारा परवडत नाही, हे ह्यूम यांच्या बाजूचे लोक सांगतात ते खोटे नाही. त्यावर उपाय जगाने मिळून पैसे उभे करण्याचा आहे. शिंग विकून राखणदाराचा पगार काढायचा, तर शिंगाला गिऱ्हाईक सतत हवेच, आणि त्या गिऱ्हाइकाच्या दारात चोरही उभा राहणारच.

या कार्तिकात तुमच्या गावी पिच्छी परिवर्तन असेल, तर वहीची सुरुवात आताच करा. भाद्रपदात पिसे गळू लागतील. कोणत्या गावाने काय केले, ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.