गादी आणि खतावणी

नागपूरच्या गांधीबागेंत कापडाच्या ठोक दुकानीं ज्यांनीं कधीं खरेदी केली असेल, त्यांस पेढीची जुनी रीत ठाऊक असेल. समोर पांढऱ्या गादीवर बसलेला माणूस ठाण उलगडून दाखवितो, गिऱ्हाइकाशीं गोड बोलतो. पण कोणाकडे बाकी किती, कोणास मुदत किती द्यावयाची, हें मागें बसलेल्या मुनिमाच्या खतावणींत असतें. गादी चपळ असावी आणि खतावणी खरी असावी. दोहोंचा मेळ बसला तरच पेढी चालते. संगणकाच्या महाजालाचा इतिहास हा बऱ्याच अंशीं असाच मेळ बसविण्याचा इतिहास आहे.

टिम बर्नर्स-ली यांनीं महाजाल उभें केलें तेव्हां त्यांतील पानें मुख्यतः वाचावयाचीं होतीं. १९९३ सालीं अमेरिकेंतील एन.सी.एस.ए. या संस्थेंत सी.जी.आय. नांवाची पद्धति निघाली. तिच्या योगें वाचकानें भरलेला अर्ज दूरच्या सर्व्हरवरील प्रोग्रामकडे जाऊं लागला व उत्तरादाखल नवें पान येऊं लागलें. परंतु एक रकाना रिकामा राहिला, तरी तें कळण्यास अर्जाला जाऊन परत यावें लागे. आणि त्या काळच्या टेलिफोनच्या तारा किती मंद होत्या, हें अनेक वाचकांस आठवत असेल. गादीवरचा माणूस मुका, आणि प्रत्येक प्रश्नास गिऱ्हाइकानेंच उठून मुनिमाकडे जावें, अशी ती अवस्था होती.

१९९५ हें वर्ष या इतिहासांत महत्त्वाचें आहे. मे महिन्यांत नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना सिद्ध केला. तीच पुढें जावास्क्रिप्ट म्हणून प्रसिद्ध झाली. जून महिन्यांत रासमुस लेर्डोर्फ यांनीं पी.एच.पी. लोकांपुढें ठेविली. एकीनें गादीला वाचा दिली, दुसरीनें मुनिमाची लेखणी सोपी केली. तरी दोघांत चिठ्ठीचपाटी नव्हती. कांहीं विचारावयाचें तर सबंध पान मोडून नवें मांडावें लागे. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्यें, पान जागच्या जागीं ठेवून मागल्या मागें निरोप पाठविण्याची सोय झाली. फेब्रुवारी २००५ मध्यें जेसी जेम्स गॅरेट यांनीं या रीतीस ‘एजॅक्स’ हें नांव दिलें. २००९ सालीं रायन डाल यांच्या नोडमुळें जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सुखानें नांदूं लागली.

भाषा एक झाली, पण अधिकार एक झाला नाहीं. हें मर्म गांधीबागेच्या व्यवहारांतच चांगलें दिसतें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला. या करांतील नोंदणी-क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. आरंभीं राज्याचा अंक, महाराष्ट्राचा २७. मग दहा अक्षरांचा पॅन. आणि अगदीं शेवटीं, आधींच्या चौदांवरून गणितानें काढलेलें पडताळ्याचें अक्षर. लिहितांना एखादें अक्षर चुकलें, तर पडद्यावरील स्क्रिप्ट कोणास न विचारतां तत्काळ सांगूं शकते. पण ती नोंदणी आज जिवंत आहे कीं रद्द झाली आहे, आणि ती याच गिऱ्हाइकाची आहे कीं दुसऱ्याची, हें तिला कळण्यासारखें नाहीं. तें सर्व्हरवरील दप्तरासच ठाऊक. चंद्रपूरच्या दुकानदारानें भरलेला कर त्याच्या खातीं जमा दिसावा, तर नागपूरच्या विक्रेत्यानें विवरणांत त्याचाच क्रमांक लिहिला पाहिजे. आकार बरोबर आणि माणूस चुकीचा, असें झालें कीं पैसा अडकतो आणि वर्षांचा संबंध बिघडतो.

शिवाय ब्राउझरकडे गेलेली स्क्रिप्ट गिऱ्हाइकाच्या हातीं गेलेली असते. त्याला ती बंद करतां येते, बदलतांही येते. म्हणून तेथून आलेला भाव सर्व्हरनें निमूटपणें मानणें म्हणजे गिऱ्हाइकानेंच बिल लिहावें व मुनिमानें खालीं सही करावी, असें होय. पडद्यावरची तपासणी ही गिऱ्हाइकाची सोय आहे. सर्व्हरवरची तपासणी ही पेढीची अब्रू आहे. पहिली केली म्हणून दुसरी टाळतां येत नाहीं.

महाजालाचे कारागीर हें पुष्कळ ठेचा खाऊन शिकले. गादीवर कितीही गोड बोलणें झालें, तरी खतावणी उघडल्यावांचून उधारीचा माल द्यावयाचा नाहीं, हें पेढीवरच्या नव्या पोऱ्यालाही पहिल्याच महिन्यांत शिकवितात.