वाऱ्याचा सातबारा

पुण्याहून नगरला निघालात, की सुप्याच्या आसपास डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. समुद्र इथून दीडशे किलोमीटरहून दूर. तरी समुद्रातल्या पवनऊर्जेची गोष्ट मी इथूनच सांगतो.

वारा आधी मोजावा लागतो. देशात त्या कामाचा पाया अ‍ॅना मणी या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी घातला. त्यांचा आकडेवारीचा ग्रंथ १९८३ साली निघाला. पुढे मनोरे रोवून, नोंदी घेऊन जागा ठरू लागल्या. पण पारनेरच्या माळावर जमीन कोणाची, हे सातबाऱ्यावर लिहिलेले असते. शेतकऱ्याला भाव करता येतो, निदान भांडता तरी येते.

समुद्राला सातबारा नाही. १९७६च्या कायद्याने १२ सागरी मैल प्रादेशिक हद्द आणि २०० मैलांपर्यंत विशेष आर्थिक क्षेत्र ठरले, एवढेच. डेन्मार्कने १९९१मध्ये विंडेबीला समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या केल्या. आपले धोरण आले २०१५मध्ये. मग गुजरात व तामिळनाडूपुढे प्रत्येकी आठ क्षेत्रे निवडली गेली. २०१७मध्ये पिपावावजवळच्या समुद्रात वारा मोजणारे यंत्र बसले. शेजारीच जाफराबाद, बोंबलाच्या डोलींचे गाव! डोल कोणी कुठे लावायची, हे कोळी-खारव्यांत रिवाजाने चालते, कागद कुठला?

२०२४मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, तीही याच दोन राज्यांसाठी, प्रत्येकी ५०० मेगावॉट. कोकण त्यात नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. तेवढ्या उसंतीत आपल्या मत्स्यव्यवसाय खात्याने गावोगाव जाऊन डोलींच्या जागा नोंदवून घ्याव्यात.