शेजार घडवणारं गाव

"अमेरिकेत शेजार नावाचा प्रकारच नसतो," हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येतं. कधीच न गेलेले काका ते म्हणतात आणि मुलीकडे तीन महिने राहून आलेल्या मावशीही म्हणतात. थोडंफार खरंही असेल. पण त्याच अमेरिकेत असं एक गाव आहे, जिथे लोकांनी शेजार अक्षरशः समित्या नेमून, कर्ज काढून, भांडून-तंडून घडवला. त्या गावाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

गावाचं नाव शेकर हाइट्स. (शेखर नव्हे, शेकर! आपल्या कोणा शेखररावांचा यात काही संबंध नाही.) ओहायो राज्यात क्लीव्हलंडला खेटून असलेलं हे उपनगर. कायद्याने स्वतंत्र शहर, महापौरही वेगळा. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २९,४३९. म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं गाव.

शेकर हा एक ख्रिस्ती पंथ. प्रार्थनेत भान हरपून अंग थरथरवत नाचणारे म्हणून 'शेकर', म्हणजे थरथरणारे. १८२२ मध्ये त्यांनी इथे वस्ती केली. खाजगी मालमत्ता नाही, सगळं सामाईक. स्त्री-पुरुष समान, पण दोघांनाही कडक ब्रह्मचर्य. आता ब्रह्मचाऱ्यांचं गाव किती पिढ्या टिकणार? बाहेरून नवी माणसं येत होती तोवर चाललं, मग ओसरलं. १८८९ मध्ये वस्ती बंद झाली. मागे राहिलं ते नाव, आणि डोआन नावाच्या ओढ्यावर गिरण्यांसाठी बांध घालून केलेले तलाव. हे तलाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

यानंतर आले व्हॅन स्वेरिंजन बंधू, ओरिस आणि मँटिस. दोघेही अविवाहित आणि जन्मभर एकमेकांना चिकटून राहिलेले. १९०५ च्या सुमारास त्यांनी ही जमीन घ्यायला सुरुवात केली. क्लीव्हलंडच्या कारखान्यांच्या धुरातून सुटून श्रीमंतांनी इथे यावं, ही कल्पना. पण रोज कामाला शहरात जायचं कसं? त्यासाठी रेल्वे हवी, आणि रेल्वेसाठी वाट हवी. ती वाट एका रेल्वे कंपनीच्या हद्दीतून जात होती, तर या पठ्ठ्यांनी १९१६ मध्ये 'निकेल प्लेट' ही आख्खी रेल्वे कंपनीच विकत घेतली. बोळ हवा म्हणून वाडा घेण्यातला प्रकार! १९२० मध्ये 'रॅपिड' गाडी थेट क्लीव्हलंडच्या मध्यापर्यंत धावू लागली. त्या वर्षी गावाची लोकसंख्या होती १,६१६. दहा वर्षांनी ती १७,७८३ झाली.

गावाची आखणी मात्र मानावी अशी. प्राथमिक शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आणि शाळेभोवती वसलेली एकेक वस्ती. लडलो, मोरलँड, लोमंड, ओनवे ही नावं आजही लोक आपण कोण हे सांगताना वापरतात. घर कसं असावं याचे नियम इतके बारीक की विन्स्लो रोडवरची दोन कुटुंबांची घरंही एकाच कुटुंबाची वाटतील अशी बांधली. रस्त्यावरून पाहिलं तर भाड्याने राहणारा कोण ते कळू नये! कचऱ्याचे डबेही घरासमोर दिसायचे नाहीत. कित्येक दशकं पालिकेचे कामगार छोट्या गाड्या घेऊन मागच्या अंगणात जायचे आणि कचरा तिथून उचलायचे.

पण याच नियमांच्या वहीत आणखी एक नियम होता. १९२५ पासून घर विकायचं तर कंपनीची किंवा आसपासच्या शेजाऱ्यांची संमती लागू लागली. कागदावर ना धर्माचं नाव, ना वर्णाचं. व्यवहारात मात्र अर्थ सरळ होता : कृष्णवर्णीय, ज्यू आणि बरेचदा कॅथलिकही नकोत. सुंदर गावाची ही दुसरी बाजू. इथेही शेजाराला किंमत होती, पण तो गाळून घेतलेला.

मंदीत बंधूंचं साम्राज्य कोसळलं. १९३५ मध्ये मँटिस गेला, वर्षभरात ओरिस. दोघे एकाच दगडाखाली आहेत आणि त्यावर शब्द आहे 'बंधू'. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वर्णभेदाचे असे करार कोर्टांना अमलात आणता येणार नाहीत. दार किलकिलं झालं.

ते पहिल्यांदा उघडलं लडलोमध्ये. ही वस्ती थोडी क्लीव्हलंडच्या हद्दीत, थोडी शेकर हाइट्सच्या, पण सगळी मुलं शेकरच्या शाळेत. तिथे जॉन पेग नावाचे कृष्णवर्णीय वकील घर बांधत होते. जानेवारी १९५६ मध्ये त्यांच्या गॅरेजमध्ये बाँबस्फोट झाला.

पुढे काय होतं ते त्या काळातल्या अमेरिकेत सगळ्यांना पाठ होतं. एक कृष्णवर्णीय कुटुंब येतं, दलाल दारोदार फिरून गोऱ्यांना सांगतात, "आत्ताच विका, नंतर मातीमोल होईल." घाबरलेले लोक पडेल भावात विकतात आणि तेच घर दलाल चढ्या भावात दुसऱ्याला विकतो. काही वर्षांत वस्ती पूर्ण पालटते. लडलोमध्ये मात्र उलटं घडलं. दोन्हीकडचे शेजारी आधी पडझड आवरायला जमले, मग एकमेकांच्या दिवाणखान्यात बोलायला जमू लागले. १९५७ मध्ये त्यांनी लडलो कम्युनिटी असोसिएशन स्थापन केली.

या मंडळींचं काम भाषणांचं नव्हतं. मिश्र वस्तीत घर घेणाऱ्या गोऱ्या कुटुंबांना बँका कर्ज द्यायला आणि दलाल घरं दाखवायला नाखूष, म्हणून यांनी स्वतः घरं दाखवली, कर्जाला हातभार लावला. गंमत म्हणजे ज्या गावाने कृष्णवर्णीयांना दूर ठेवायला नियम केले, तिथेच आता गोऱ्यांना बोलवायला माणसं झटत होती! १९६७ मध्ये त्यासाठी गावाचं गृहनिर्माण कार्यालयच सुरू झालं. १९८६ मध्ये एक निधी उभा राहिला. आपल्या वर्णाचे लोक जिथे कमी, तिथे घर घेणाऱ्याला त्यातून कमी व्याजाने कर्ज मिळे.

मला यात अडकल्यासारखं होतं ते इथे. हेतू चांगला, पण ज्या कृष्णवर्णीय कुटुंबाने हौसेने लडलोमध्ये घर शोधलं, त्याला काय वाटत असेल? "तुम्ही या, पण फार जण येऊ नका" असंच ना? शेजार टिकवायचा तर गोऱ्यांची भीती आधी सांभाळायची, हा हिशेब कोणाच्या पदरात पडत होता ते उघड आहे. १९७० च्या दशकात तर क्लीव्हलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीकडून येणारे काही रस्तेच अडथळे टाकून बंद केले गेले. कारण सांगितलं वाहतुकीचं. पलीकडच्यांनी त्याला भिंतच म्हटलं.

पण या गावाला एकत्र यायची सवय लागली होती हेही खरं. १९६० च्या दशकात महामार्गाची योजना आली आणि ते शेकर तलाव गिळंकृत होणार असं दिसू लागलं. जिल्ह्याच्या मुख्य अभियंत्याने त्यांना दीडदमडीचं बदकांचं डबकं म्हटलं. बागकाम मंडळांतल्या बायकांनी ते मनावर घेतलं आणि १९६६ मध्ये नेमकं रस्त्याच्या वाटेवर निसर्ग केंद्र उभं केलं! १९७० मध्ये राज्यपालांनी योजना गुंडाळली.

त्याच वर्षी शाळांचा प्रश्न आला. मोरलँडच्या शाळेत बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. त्यांना बसने गोऱ्यांच्या शाळांत पाठवायचं असा प्रस्ताव होता. पालक म्हणाले, प्रवास एकाच बाजूच्या मुलांनी का करायचा? मग गोऱ्या पालकांनी आपली मुलं आपणहून मोरलँडला पाठवली. कोर्टाचा हुकूम नसताना!

मग सगळं गोडच झालं का? नाही. शाळा एक झाली, वर्ग वेगळेच राहिले. वरच्या पातळीच्या वर्गांत बहुतेक गोरी मुलं, खालच्या वर्गांत बहुतेक कृष्णवर्णीय. १९८३ पासून हायस्कूलची मुलं धाकट्यांच्या वर्गात जाऊन वर्णाच्या विषयावर मोकळेपणी बोलतात, असा उपक्रम चालू झाला. १९९७ मध्ये कृष्णवर्णीय पालकांनीच मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांना अभ्यासाला बोलावलं. २००३ च्या त्यांच्या पुस्तकातले निष्कर्ष बऱ्याच पालकांना पटले नाहीत. २०२० मध्ये शाळांनी बहुतेक पातळ्या काढून मुलांना एकत्र बसवलं, त्यावरही वाद झालाच. आज गावात साधारण एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय आहेत. उत्पन्नाची दरी मात्र बुजलेली नाही.

सेलेस्ट इंग या लेखिकेच्या २०१७ च्या कादंबरीमुळे हे गाव जगाला कळलं. ती याच गावात वाढली. आखीवरेखीव गावात आतून काय धुमसतं, हा तिचा विषय.

मला मात्र वाटतं, धुमसत होतं हे लपवलं नाही हीच या गावाची कमाई. वाईट शेजारही माणसांनी आखला आणि बराही माणसांनीच. आपोआप काहीच झालं नाही. आपोआप व्हायला सोडलं असतं तर दलाल होतेच!

मोरलँडची शाळा १९८७ मध्ये बंद झाली. १९९३ पासून त्या इमारतीत गावाचं मुख्य वाचनालय आहे. आत यायला कोणाची संमती लागत नाही.