डेटाबेस स्थलांतरानंतरचा मंदपणा

चालू ॲप्लिकेशन एका डेटाबेस प्रणालीवरून दुसरीवर नेल्यावर तीच कामे पूर्वीपेक्षा हळू होऊ लागणे, आणि त्याची कारणे शोधून ती दूर करण्याची पद्धत, हा या नोंदीचा विषय. मुख्य उदाहरण ओरॅकलवरून पोस्टग्रेसक्यूएलवर जाण्याचे घेतले आहे. परवान्याचा खर्च वाचवण्यासाठी ही वाट अनेक संस्थांनी धरली. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर यांचा उल्लेख फरक पडतो तेथेच येईल.

मंदपणाचे मूळ एसक्यूएल भाषेच्या घडणीत आहे. या भाषेत काय हवे ते सांगायचे असते. ते कसे काढायचे हे इंजिन ठरवते. आयबीएमच्या सॅन होझे प्रयोगशाळेतील ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये खर्चाच्या अंदाजावरून मार्ग निवडणारा ऑप्टिमायझर मांडला. आजची बहुतेक मोठी इंजिने त्याच विचारावर चालतात. १९८६ मध्ये एसक्यूएलचे अमेरिकी मानक आले, पण त्यात उत्तर काय यावे एवढेच सांगितले आहे, किती वेळात यावे ते नाही. स्थलांतरात डेटा जातो आणि क्वेरीचा मजकूरही जातो. मात्र जुन्या इंजिनावर वर्षानुवर्षे बसवलेली घडी मागे राहते. कोणीतरी रात्री उशिरा टाकलेला इंडेक्स, एका अहवालापुरता ऑप्टिमायझरला दिलेला हिंट (मार्गाची सूचना), प्रोग्रामरच्या हाताला लागलेल्या सवयी यांची नोंद सहसा कोठेच नसते.

पहिली तपासणी : नव्या प्रणालीत डेटा भरल्यावर टेबलांची आकडेवारी, म्हणजे ओळी किती, कोणती मूल्ये किती वेळा येतात ही माहिती, लगेच तयार नसते. ती नसताना ऑप्टिमायझर ढोबळ गृहीतकांवर चालतो आणि कोटभर ओळींच्या टेबलासाठी शंभर ओळींना शोभेल असा मार्ग निवडू शकतो. पोस्टग्रेसक्यूएलमधील ऑटोव्हॅक्यूम ही पार्श्वप्रक्रिया आकडेवारी गोळा करते, पण मोठ्या भरण्यानंतर तिला वेळ लागतो. विभागलेल्या टेबलाच्या मुख्य टेबलाची आकडेवारी तर ती घेतच नाही. त्यामुळे भरणा संपताच ‘ॲनलाइझ’ ही आज्ञा हाताने चालवावी लागते. पोस्टग्रेसक्यूएलच्या आवृत्ती बदलतानाही १७ व्या आवृत्तीपर्यंत ही आकडेवारी सोबत येत नसे. २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीत ती बहुतांशी टिकते. पहिल्या दिवशीच्या तक्रारींपैकी काही निव्वळ थंड कॅशेच्या असतात. क्लाउडवर स्नॅपशॉटमधून उभारलेल्या डिस्कवर तर प्रत्येक भाग पहिल्यांदा वाचताना दूरच्या साठ्यातून आणला जातो. असा मंदपणा वापर वाढेल तसा ओसरतो, म्हणून त्याच्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

मोजमाप : जुन्या प्रणालीवर कोणते काम किती वेळात होत होते याची नोंद स्थलांतराआधी घेतलेली असावी. ती नसेल तर ‘पूर्वी पटकन व्हायचे’ या आठवणीशी भांडण्यात आठवडे जातात. ओरॅकलमध्ये ही नोंद एडब्ल्यूआर अहवालांतून मिळते आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ या विस्तारातून. क्वेरींची यादी सरासरी वेळेनुसार न लावता एकूण वेळेनुसार लावावी. दिवसातून एकदा चाळीस सेकंद घेणारा अहवाल सर्वांच्या डोळ्यांत येतो. पण ३ मिलिसेकंदांची क्वेरी तासाला दोन लाख वेळा चालत असेल तर ती तासातली दहा मिनिटे खाते, आणि तिच्याविरुद्ध तक्रार कोणीच करत नाही. संशयित क्वेरी सापडल्यावर ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ने तिचा प्लॅन पाहतात. त्यात अंदाजलेल्या ओळी आणि प्रत्यक्ष आलेल्या ओळी शेजारी शेजारी दिसतात. जेथे या दोन आकड्यांत शेकडो पटींचे अंतर पडते तेथून शोध सुरू करावा.

यातले काहीही न करता प्रथम मोठा सर्व्हर घेण्याकडे बऱ्याच संस्थांचा कल असतो. चुकीचा प्लॅन दुप्पट प्रोसेसरवरही चुकीचाच राहतो. सेटिंग्ज मात्र पाहून घ्याव्यात, कारण पोस्टग्रेसक्यूएलची मूळ मूल्ये छोट्या यंत्रावरही ते सुरू व्हावे अशा बेताने ठेवलेली आहेत. सामायिक बफर १२८ मेगाबाइट, सॉर्ट आणि जोडणीसाठीची वर्क-मेम ४ मेगाबाइट, आणि डिस्कवरून विस्कळीत पान वाचण्याचा खर्च सलग वाचनाच्या चौपट. हे शेवटचे गुणोत्तर फिरत्या डिस्कच्या काळातले आहे. एसएसडीवर ते १.१ च्या आसपास आणण्याचा प्रघात आहे. वर्क-मेम वाढवताना जपावे, कारण ती मर्यादा दर कनेक्शनला नसून क्वेरीतील दर क्रियेला लागते.

डेटाप्रकार आणि इंडेक्स : ओरॅकलचा ‘नंबर’ हा एकच प्रकार पूर्णांक, रक्कम, ओळखक्रमांक अशा सगळ्यांसाठी चालतो. स्थलांतराच्या साधनाने त्याचे सरसकट ‘न्यूमेरिक’ केले तर प्रत्येक जोडणीत जड गणित करावे लागते. उलट, स्तंभ शहाणपणाने ‘बिगइंट’ केला पण जावा प्रोग्राम जुन्या सवयीने बिगडेसिमल पाठवत राहिला, तर इंजिन स्तंभाचेच रूपांतर करते, त्यावरचा इंडेक्स बाजूला पडतो आणि पूर्ण टेबल वाचले जाते. एसक्यूएल सर्व्हरवर जाणाऱ्यांना हाच आजार दुसऱ्या रूपात भेटतो. तेथील जावा ड्रायव्हर अक्षरमूल्ये युनिकोड प्रकारात पाठवतो. स्तंभ साधा ‘व्हारचार’ असेल तर काही कोलेशनमध्ये (अक्षरांच्या तुलनेच्या व क्रमाच्या नियमांत) इंडेक्स असूनही शोध संपूर्ण वाचनावर येतो. दोन्ही ठिकाणी प्लॅनमध्ये प्रकार-रूपांतराची खूण दिसते. ती पाहण्याची सवय लागली की निदान काही मिनिटांचे राहते.

मायएसक्यूएलचे इनोडीबी इंजिन परकीय की असलेल्या स्तंभावर इंडेक्स आपणहून करते, पोस्टग्रेसक्यूएल करत नाही. परिणामी मूळ टेबलातील एक ओळ पुसताना उपटेबल पूर्ण वाचले जाते. तसेच मायएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ कोलेशनमध्ये इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरत नाहीत. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये धरतात, म्हणून प्रोग्रामर जागोजागी ‘लोअर’ फंक्शन लावतात आणि साध्या इंडेक्सचा उपयोग संपतो. त्याच फंक्शनवर आधारलेला इंडेक्स करणे हा उपाय.

मराठी नावांच्या याद्यांत आणखी एक गुंता आहे. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, मराठी वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर. मतदारयादी किंवा ग्राहकयादी मराठी क्रमाने हवी असेल तर भाषेनुसार कोलेशन घ्यावे लागते. पण असे कोलेशन घेतले की ‘कुळ’ने सुरू होणारी नावे शोधणारी ‘लाइक’ क्वेरी साधा इंडेक्स वापरत नाही. तिच्यासाठी अक्षरागणिक तुलना करणारा वेगळा इंडेक्स ठेवतात.

ओरॅकलचे हिंट टिप्पणीच्या रूपात लिहिलेले असतात. पोस्टग्रेसक्यूएल त्यांना खरोखरच टिप्पणी समजून गप्प बसते. चूक दाखवली जात नाही, त्यामुळे ज्या हिंटच्या आधारावर एखादा अहवाल दहा वर्षे उभा होता तो गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सेव्हपॉइंटचा प्रश्न : व्यवहाराच्या मधोमध एखादी आज्ञा फसली तर ओरॅकल फक्त तेवढीच आज्ञा मागे घेते आणि व्यवहार पुढे चालू राहतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये संपूर्ण व्यवहार बाद होतो. जुना प्रोग्राम न बदलता चालावा म्हणून ड्रायव्हरकरवी किंवा प्रोग्रामच्या चौकटीतून प्रत्येक आज्ञेआधी सेव्हपॉइंट, म्हणजे तेथवर मागे येण्याची खूण, घालतात. सेव्हपॉइंटप्रमाणेच पोस्टग्रेसक्यूएलच्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेतील प्रत्येक ‘एक्सेप्शन’ गटही आतून उपव्यवहारच सुरू करतो. लूपमध्ये असा गट असेल तर एका व्यवहाराच्या पोटात हजारो उपव्यवहार तयार होतात. दर प्रक्रियेमागे ६४ उपव्यवहारांचे क्रमांक सामायिक स्मृतीत राहतात. त्यापुढे इतर प्रक्रियांना ते एका वेगळ्या, अपुऱ्या कॅशेतून शोधावे लागतात. चाचणीत एकच वापरकर्ता असतो तेव्हा हे दिसत नाही. गर्दीत मात्र असंबंधित क्वेरीही अडून बसतात, आणि प्रत्येकीचा प्लॅन पाहावा तर तो निर्दोष निघतो.

गिटलॅबने २०२१ मध्ये या कारणासाठी आपल्या प्रणालीतून उपव्यवहार काढून टाकण्याची मोहीम घेतली आणि तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याआधी, २०१८ च्या प्राइम डेला ॲमेझॉनच्या ओहायोतील एका गोदामात झालेल्या खोळंब्याच्या अंतर्गत अहवालाचा हवाला देऊन सीएनबीसीने बातमी दिली होती. ओरॅकल आणि ॲमेझॉनचे ऑरोरा पोस्टग्रेसक्यूएल सेव्हपॉइंट वेगळ्या रीतीने हाताळतात, हा मुद्दा त्या बातमीत होता. ॲमेझॉनचे ओरॅकलवरून चाललेले स्थलांतर त्याने थांबले नाही. सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेसमधील ७५ पेटाबाइट डेटा हलवल्याचे कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केले.

जुन्या ओळींचा साठा : ओरॅकल ओळीची जुनी प्रत वेगळ्या ‘अनडू’ जागेत ठेवते. पोस्टग्रेसक्यूएल ती त्याच टेबलात ठेवते आणि मागाहून व्हॅक्यूमने झाडते. मूळ सेटिंगनुसार सुमारे २० टक्के ओळी मृत झाल्यावर ही झाडणी सुरू होते, म्हणजे पाच कोटी ओळींच्या टेबलात एक कोटी मृत ओळी साचेपर्यंत कोणी हात लावत नाही. कामाच्या रांगेसारखी सतत बदलणारी टेबले यामुळे फुगतात. त्यांच्यासाठी ही मर्यादा टेबलागणिक कमी करतात. एखाद्या प्रोग्रामने व्यवहार उघडून तसाच सोडला तर झाडणी होऊनही जुन्या ओळी निघत नाहीत. उबरने पोस्टग्रेसक्यूएल सोडून मायएसक्यूएल घेण्याची कारणे २०१६ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांतही हीच रचना होती. ओळ बदलली की तिची जागा बदलते आणि बहुधा प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद पडते. इनोडीबीत दुय्यम इंडेक्स प्राथमिक कीकडे बोट दाखवतो, त्यामुळे हा बोजा कमी.

कनेक्शन आणि अंतर : पोस्टग्रेसक्यूएल प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवते. शेकडो कनेक्शने उघडी ठेवणाऱ्या ॲप्लिकेशनपुढे पीजीबाउन्सरसारखा पूल बसवावा लागतो.

डेटाबेस क्लाउडवर गेला आणि ॲप्लिकेशन जागीच राहिले तर दोष इंजिनाच्या माथी मारला जातो, पण खरा खर्च फेऱ्यांचा असतो. एक पडदा भरायला हजार लहान क्वेरी पाठवणारा प्रोग्राम अर्ध्या मिलिसेकंदाच्या अंतरावर अर्ध्या सेकंदात मोकळा होतो. तेच अंतर आठ मिलिसेकंदांचे झाले की आठ सेकंद लागतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत डेटाकेंद्रे सुरू केल्यावर येथील संस्थांसाठी हे अंतर पुष्कळ कमी झाले. तरीही हजार फेऱ्यांऐवजी एक जोडणी लिहिणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय. ड्रायव्हरांच्या सवयीही वेगळ्या असतात. ओरॅकलचा जावा ड्रायव्हर मूळ सेटिंगला दहा-दहा ओळी आणतो. पोस्टग्रेसक्यूएलचा ड्रायव्हर सगळ्या ओळी एकदम आणतो, त्यामुळे मोठ्या निर्यातीत ॲप्लिकेशनचीच स्मृती संपते.

काही गोष्टींना नव्या घरी जोडच नसते. ओरॅकलमध्ये विभागलेल्या टेबलावर सर्व विभागांना कवेत घेणारा एक जागतिक इंडेक्स करता येतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये दर विभागाला आपापला इंडेक्स असतो. महिन्यानुसार दहा वर्षांचे १२० विभाग असतील आणि क्वेरीत तारीख नसेल, तर पावतीक्रमांक शोधायला १२० इंडेक्स चाळावे लागतात. क्वेरीत तारखेची अट घालणे, क्रमांकावरून विभाग सांगणारे छोटे टेबल ठेवणे किंवा विभाग मोठे करून संख्या घटवणे असे मार्ग आहेत. प्रत्येक मार्गात प्रोग्राम बदलावा लागतो किंवा डेटा पुन्हा रचावा लागतो, म्हणून ते टेबल मुळात विभागायलाच हवे का, हे आधी तपासावे. पुष्कळदा त्या विभागणीचे मूळ कारण केव्हाच संपलेले असते.