साखरपुड्यातील देणेघेणे : भेट कुठे संपते आणि किंमत कुठे सुरू होते?

१. साखरपुड्याचा मुहूर्त ठरला की दोन्ही घरांत एकच प्रश्न उभा राहतो : काय न्यायचे आणि कुणाला काय द्यायचे? वराकडे साडी, खण, नारळ, दागिना यांची जुळवाजुळव होते. वधूकडे मानाच्या मंडळींची मोजदाद चालते. हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो खरा, परंतु त्याच्या मुळाशी दोन हजार वर्षांचा एक वाद आहे. दिलेली वस्तू ही भेट की किंमत? त्या वादाचा हा मागोवा.

२. प्रथम नावांकडे पाहू. शास्त्रग्रंथांत या विधीला वाग्दान किंवा वाङ्निश्चय म्हणतात. लोकांनी मात्र त्याला वस्तूंवरून नावे दिली. कुठे 'साखरपुडा', कुठे 'सुपारी फुटली', कुठे 'कुंकू लावले'. साखर, सुपारी आणि कुंकू या तिन्ही वस्तू गरिबाच्या घरीही सापडतात, चारचौघांत वाटता येतात आणि वाटून संपतात. त्यांत साठवण्यासारखे काही नाही.

३. मग त्यांचे प्रयोजन काय? साक्ष. वाग्दान म्हणजे केवळ शब्द, आणि शब्द हवेत विरतो. ज्याच्या तोंडात साखर पडली तो त्या शब्दाचा साक्षीदार झाला. फुटलेली सुपारी पुन्हा जोडता येत नाही, तसा दिलेला शब्द मागे घेता येत नाही, हे तिथे बसलेल्या निरक्षर माणसालाही कळत असे. साखरपुड्याची मूळ भेट ही मूल्यासाठी नव्हती. ती स्मरणासाठी होती.

४. पण स्मरणाच्या वस्तूशेजारी मोलाची वस्तू फार लवकर येऊन बसली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कन्येच्या पित्याने अल्पसुद्धा शुल्क घेऊ नये, घेतल्यास तो अपत्याचा विक्रय ठरतो, असे बजावले आहे. आर्ष विवाहात वराकडून गाय-बैल घेण्याची चाल होती. काहींच्या मते ते शुल्क होय; स्मृतिकार त्याचेही समर्थन करीत नाही. थोडे घेतले काय आणि फार घेतले काय, विक्री ती विक्रीच, असा त्याचा रोख आहे.

५. याच ठिकाणी पुढे एक सूक्ष्म भेद केला आहे, आणि या साऱ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे. वराकडून आलेले धन नातलगांनी स्वतःसाठी न ठेवता कन्येला दिले, तर तो विक्रय नव्हे. तो तिचा सन्मान होय. म्हणजे प्रश्न वस्तू किती मोलाची आहे हा नाही. ती शेवटी कुणाच्या हाती राहते, हा आहे.

६. या भेदातूनच 'स्त्रीधन' ही कल्पना दृढ झाली. मनूने त्याचे सहा प्रकार सांगितले : विवाहाग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना दिलेले, प्रीतीने दिलेले, आणि भाऊ, आई व वडील यांच्याकडून आलेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्त्रीधनाचे दोन भाग आहेत : निर्वाहाची 'वृत्ती' आणि अंगावर घालावयाचे 'आबध्य'. वृत्तीला दोन हजार पणांची कमाल मर्यादा आहे; दागिन्यांना मर्यादा नाही.

७. आता सर्वांत नाजूक प्रश्न. साखरपुडा मोडला तर? याज्ञवल्क्यस्मृती येथे रोखठोक आहे. कन्या देऊ करून मागाहून नकार देणारा दंडास पात्र होतो, शिवाय वरपक्षाचा झालेला खर्च त्याने व्याजासह भरून द्यावयाचा असतो. त्याच स्मृतीत एक अपवादही आहे : पहिल्याहून अधिक योग्य वर आला, तर दिलेला शब्द मागे घेता येतो. व्यवहार आणि वचन यांची ही ओढाताण तेव्हाही होतीच.

८. वाग्दत्ता वधू विवाहापूर्वीच मरण पावली तर? अशा वेळी दोन्ही बाजूंचा खर्च वजा करून वराने आपण दिलेले परत घ्यावे, असे याज्ञवल्क्य सांगतो. त्यावरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य दरबारात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली. ते कल्याण म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आजोळहून कन्येला मिळालेले दागिने अशा प्रसंगी तिच्या सख्ख्या भावांकडे जातात, इतका बारीक तपशील विज्ञानेश्वर देतो. वराकडून आलेले आणि आजोळहून आलेले यांची सरमिसळ त्याला मान्य नाही.

९. हे प्रश्न केवळ आपल्याकडचे नव्हते. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने असा नियम केला की वाङ्निश्चयाच्या वेळी चुंबन झाले असेल आणि नंतर दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तर वराने दिलेल्या भेटींपैकी अर्ध्याच परत कराव्यात. चुंबन झाले नसेल तर सर्व परत. तपशील वेगळा, पेच तोच : शब्द दिला गेला, संसार झाला नाही, मग वस्तू कुणाची?

१०. अंगठीचा उगमही त्याच प्रदेशात शोधावा लागतो. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो की त्याच्या काळीही वाग्दत्त वधूला भेट म्हणून लोखंडाची, खड्याविना अंगठी पाठवीत असत. आज हिऱ्याच्या वजनावरून प्रतिष्ठा मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तिथेही प्रारंभ साध्या खुणेपासूनच झाला होता.

११. पुन्हा भारतात येऊ. शके १३४७, म्हणजे इ. स. १४२५ मधील एक शिलालेख तमिळनाडूतील पडैवीडू येथे आहे. विजयनगरच्या देवरायाच्या राज्यात कन्नड, तमिळ, तेलुगू आणि लाट ब्राह्मणांनी एकत्र येऊन करार केला : विवाह कन्यादानानेच करावा. सोने घेऊन मुलगी देणारा आणि सोने देऊन ती करणारा, दोघेही राजदंडास पात्र होतील व ब्राह्मण्यातून बाहेर पडतील. मनूच्या उपदेशानंतर कित्येक शतकांनी असा करार करावा लागला, याचा अर्थ स्पष्ट आहे. उपदेश ऐकला जात होता. पाळला जात नव्हता.

१२. महाराष्ट्रातही वेगळे चित्र नव्हते. पेशवे सरकारला ब्राह्मणांतील कन्याविक्रयाविरुद्ध हुकूम काढावे लागले. तरीही ही चाल मागे उरलीच. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे १८९९ चे नाटक याच विषयावर उभे आहे : पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीचे लग्न वृद्धाशी ठरवणारा बाप आणि त्या व्यवहाराला शुभकार्याचे वस्त्र नेसवणारे मध्यस्थ.

१३. पुढे पारडे उलटे फिरले. मुलीच्या बापाने घ्यावयाच्या रकमेची जागा मुलाच्या बापाने घ्यावयाच्या रकमेने घेतली. शिक्षण आणि नोकरी यांनी वराचा भाव ठरू लागला आणि हुंडा मध्यमवर्गात स्थिरावला. पैसा कोणत्या दिशेने जातो एवढेच बदलले. दोन्ही व्यवहारांत वधूच्या हाती काही उरत नव्हते. ज्या भेदावर मनूने बोट ठेवले होते, तो दोन्हीकडे सारखाच पायदळी गेला.

१४. याला वेगळे उत्तर देण्याचा प्रयत्न जोतीराव फुले यांनी केला. सप्टेंबर १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात या पद्धतीचा पहिला विवाह लागला. भटजी नाही, डामडौल नाही. वधूवरांनी एकमेकांना दिलेली वचने हाच विधीचा गाभा. वाङ्निश्चयातील 'वाक्' पुन्हा मध्यभागी आणण्याचाच हा प्रकार होता.

१५. इकडे गावोगाव दुसरी एक रीत चालत होती : यादी. लग्न ठरताना काय द्यायचे, कुणाचा मानपान कसा करायचा, खर्च कुणी सोसायचा, हे पंचांसमोर कागदावर उतरवीत. त्या बैठकीतच लग्न उरकले तर 'यादी पे शादी'. या यादीला दोन तोंडे होती. तिने पुढची भांडणे टाळली हे खरे. पण मागणीलाही तिने कराराचे रूप दिले. नाही म्हणायची सोय वधूपित्याला क्वचितच असे.

१६. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा आला, तेव्हा भेट आणि किंमत हा जुना भेद कायद्याच्या भाषेत मांडावा लागला. विवाहापूर्वी, विवाहसमयी किंवा विवाहानंतर, पण विवाहाच्या संबंधाने दिलेले धन हुंड्यात येऊ शकते. म्हणजे साखरपुडाही या कक्षेबाहेर नाही. परंतु 'ही तर हौसेने दिलेली भेट' ही पळवाट मोठी होती. प्रत्येक हुंडा हौसेचा झाला.

१७. म्हणून १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९८५ मध्ये भेटवस्तूंच्या याद्यांचे नियम आले. न मागता दिलेल्या विवाहभेटींची लेखी यादी करावी. वस्तूचे वर्णन, अंदाजे मूल्य, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावे. त्यावर वधूवरांनी सह्या कराव्यात. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूपाशीच राहावी. वधूपक्षाकडून आलेली भेट रूढीला धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने बेताची असावी. गावातली यादी मागणीची होती, ही यादी मालकीची आहे.

१८. त्याच वर्षी 'प्रतिभा राणी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधनावर पूर्ण मालकी त्या स्त्रीचीच असते. पती किंवा सासरच्यांकडे ते ठेवायला दिलेले असेल, तर ते केवळ विश्वस्त; ते हडप करणे हा फौजदारी विश्वासघात होय. 'दागिने सासूबाईंच्या कपाटात आहेत' या नित्याच्या वाक्याचा कायदेशीर अर्थ यापुढे बदलला.

१९. तेव्हा साखरपुड्याला काय द्यावे? इतिहासातून निघणारे नियम थोडेच आहेत. पाहुण्याने वधूवरांच्या हाती द्यावे, त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या हाती नव्हे. मागून आलेली वस्तू भेट समजू नये. दागिना दिला तर कुणी कुणाला दिला ते लिहून ठेवावे. लग्न मोडलेच, तर एकमेकांकडून आलेले मोलाचे सारे मुकाट्याने परत करावे. वाटलेली साखर कुणी परत मागत नाही.

२०. आणि काहीच सुचले नाही, तर नारळ आणि साखरेचा पुडा न्यावा. ज्या वस्तूने या सोहळ्याला नाव दिले, ती नेण्यात कमीपणा कसला? आपल्या भागात या विधीला काय म्हणतात आणि पहिली वस्तू कोणत्या घरातून कोणत्या घरी जाते, ते अवश्य लिहा.