कपाट-आरेखन आणि संगणकाची क्षमता : वरळी कोळीवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कपाट ही मराठी घराला नवी वस्तू नाही. भिंतीतील फडताळ, स्वयंपाकघरातील भांड्यांची मांडणी आणि सुताराने घरी येऊन घडविलेले लाकडी कपाट असा तिचा प्रवास दीर्घ आहे. या वस्तूंचा आराखडा सुताराच्या मनात असे. फार तर फळीवर पेन्सिलीने ओढलेल्या चार रेघा असत. गेल्या काही दशकांत हेच काम संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. कपाटाची रुंदी, खोली, कप्पे, दारे आणि बिजागऱ्या आरेखन-प्रणालीत भरल्या की त्रिमितीय चित्र आणि प्लायवुड कापण्याची यादी दोन्ही तयार होतात. मात्र ही प्रणाली न अडखळता चालण्यासाठी संगणक किती क्षमतेचा असावा, हा प्रश्न लहान व्यावसायिकाला नेहमी पडतो. तो केवळ तांत्रिक नाही, त्याला इतिहास आहे. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत घडला आहे.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन त्याचा अर्थ वरळी कोळीवाड्यासारख्या वस्तीच्या संदर्भात तपासला आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला किल्ला आणि गोल्फादेवीचे मंदिर यांच्या परिसरात वसलेला हा कोळीवाडा मुंबईच्या मूळ वस्त्यांपैकी एक होय. येथील गल्ल्या अरुंद आहेत व घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. अशा घरात साठवणुकीची प्रत्येक वीत मोलाची ठरते. म्हणूनच कपाटाच्या आरेखनाची खरी कसोटी प्रशस्त सदनिकेपेक्षा येथे अधिक लागते.

आरंभीचा काळ : पडदा आणि स्मृती

भारतीय बनावटीच्या संगणकाचा आरंभ मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी १९६२ मध्ये त्याचे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नलिका असलेल्या या यंत्राची मुख्य स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने अवघी १० किलोबाइट होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, या यंत्राला आलेख व अक्षरे दाखविणारा कॅथोड किरणांचा पडदा जोडलेला होता. गणिताचे उत्तर आकड्यांऐवजी रेषेत दाखविण्याची सोय भारतात इतक्या लवकर झाली होती.

१९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली मांडली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढावी आणि ती संगणकाने नेमक्या मापात बसवावी, ही कल्पना तेथे प्रत्यक्षात आली. आजच्या सर्व आरेखन-प्रणालींचे मूळ त्या प्रयोगात आहे. मात्र त्यासाठी लागणारे टीएक्स-२ हे यंत्र एका प्रयोगशाळेला परवडणारे होते, एका कारागिराला नव्हे. मुंबईतही १९७०च्या दशकात टाटा संस्थेच्या आश्रयाने राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास व संगणनतंत्र केंद्र सुरू झाले व १९८५ मध्ये त्यातून एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था आकाराला आली. संगणकीय आलेखन हे तिच्या संशोधनाचे एक क्षेत्र होते. संशोधन शहरात होते, परंतु यंत्र संस्थेच्या दाराआड होते.

धोरण, विरोध आणि आयात

याच काळात संगणकाकडे पाहण्याची सार्वजनिक दृष्टी संशयाची होती. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकीकरणाला १९६०च्या दशकात कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला. नोकऱ्या जातील ही भीती अनाठायी म्हणून झटकण्यासारखी नव्हती. केंद्र सरकारने या प्रश्नावर अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली व तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. दुसरीकडे १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्थापन झाला आणि संगणकाची आयात ही परवानगीची बाब बनली.

नोव्हेंबर १९८४ मधील नव्या संगणक धोरणाने ही बंधने सैल केली. पुढे १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला व त्यात समाविष्ट वस्तूंवरील आयात शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मुंबईत या बदलाचे दृश्य रूप लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, पाहावयास मिळाले. सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेण्याची सोय येथे झाली. या बाजाराने लहान व्यावसायिकाला प्रथमच ‘कोणता भाग किती क्षमतेचा’ हा प्रश्न विचारण्याची संधी दिली. तोपर्यंत यंत्र मिळते की नाही एवढाच प्रश्न होता.

अडथळ्याचे सरकत जाणे

आरेखन-प्रणाली डिसेंबर १९८२ मध्ये वैयक्तिक संगणकावर आली. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती त्या वर्षीची. तेव्हाच्या मुख्य प्रक्रियकाला अपूर्णांकांचे गणित स्वतः करता येत नसे. रेषा वळविणे, कोन काढणे, चित्र लहानमोठे करणे यांत तेच गणित सतत लागते. म्हणून १९८० मध्ये आलेली ८०८७ ही इंटेलची गणिती जोडचकती मोलाची ठरली. १९८७ मधील नवव्या आवृत्तीपासून ऑटोकॅडने अशी चकती अनिवार्य केली. १९८९ च्या ४८६ प्रक्रियकात ती अंतर्भूत झाली आणि हा अडथळा हळूहळू दूर झाला.

त्यानंतर अडथळा चित्राकडे सरकला. द्विमितीय रेषांऐवजी छायाप्रकाशासह त्रिमितीय कपाट दाखवायचे झाले की प्रत्येक पृष्ठभाग पुनःपुन्हा रंगवावा लागतो. १९९२ मध्ये ओपन-जीएल हे प्रमाण आले, तर १९९९ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ या ग्राफिक्स कार्डाने रूपांतर व प्रकाशाचे गणित मुख्य प्रक्रियकाकडून आपल्याकडे घेतले. तिसरा अडथळा स्मृतीचा. लॅमिनेटच्या पोताचे १,०२४ गुणिले १,०२४ बिंदूंचे एक रंगीत चित्र स्मृतीत ३ मेगाबाइट जागा घेते. ही जागा टिफ्रॅकच्या संपूर्ण मुख्य स्मृतीच्या सुमारे तीनशेपट होते. ३२ बिटांच्या प्रणालींना ४ गिगाबाइटची मर्यादा होती. ६४ बिटांच्या प्रणाली रूढ झाल्यावर ती उरली नाही.

या क्रमातून एक तत्त्व स्पष्ट होते. ‘अधिक शक्तिशाली संगणक’ असे सरसकट काही नसते. जो भाग सर्वांत संथ असेल तो कामाचा वेग ठरवितो आणि तो भाग प्रत्येक पिढीत बदलतो.

आजची गरज : कोळीवाड्यातील एक घर

हे तत्त्व आजच्या कामाला लावून पाहता येते. कपाटाची एक पेटी म्हणजे गणिताच्या दृष्टीने मोजक्या सपाट पृष्ठांचा आकार होय. लहान घरातील सर्व कपाटे मिळूनही ही आकृती मोठी होत नाही. ती जड होते ती तयार संग्रहातून उचललेल्या नक्षीदार मुठी, गोलाकार नळ आणि शोभेची भांडी यांमुळे. एका मुठीत पृष्ठांची संख्या संपूर्ण पेटीपेक्षा कितीतरी अधिक असू शकते. आकृती फिरविताना संगणक अडखळला की नवे यंत्र घ्यावे असे वाटते. पण मुठीची साधी प्रतिकृती वापरली तरी तोच परिणाम साधतो.

भागनिहाय पाहता, आकृती रचण्याचे काम अनेक प्रणालींत मुख्यतः एकाच गाभ्यावर चालते. म्हणून गाभ्यांच्या संख्येपेक्षा एका गाभ्याचा वेग महत्त्वाचा ठरतो. छायाप्रकाशासह अंतिम चित्र तयार करताना मात्र सर्व गाभे किंवा ग्राफिक्स कार्ड राबते. ग्राहकाला असे चित्र दाखवायचे नसेल, तर महागड्या कार्डाची आवश्यकता उरत नाही. १६ गिगाबाइट स्मृती आणि चकतीऐवजी घन-अवस्था साठवण एवढी सिद्धता एका घराच्या कामाला सर्वसाधारणपणे पुरते. कापणीची यादी काढण्याचे गणित तर अगदी हलके असते.

मग अडचण कोठे येते? जुन्या घरातील भिंत बहुधा गुण्यात नसते आणि ओळंब्यातही नसते. जमीन एका कोपऱ्यात उतरती असते, जिना भिंतीला तिरका भिडतो. प्रणालीतील तयार पेट्या ३००, ४५० वा ६०० मिलिमीटर रुंदीच्या असतात व भिंत सरळ आहे असे गृहीत धरतात. संगणक मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूक असला तरी माप घेताना दोन सूत चुकले तर ती अचूकता निरर्थक ठरते. शिवाय समुद्रालगतच्या दमट हवेत लाकूड फुगते. दारासाठी किती फट सोडावी हे सुतार अनुभवाने जाणतो. प्रणालीला ते आकड्यात सांगावे लागते. कोकण किनाऱ्यावर होड्या बांधणारे कारागीर कागदी आराखड्याविना नजरेने व हाताने आकार साधत आले आहेत. अशा ज्ञानाला जागा देणारी प्रणाली आणि ती वापरू शकणारा कारागीर या गोष्टी ग्राफिक्स कार्डाइतक्या सहज बाजारात मिळत नाहीत.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, आरेखनासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीचा इतिहास हा वेगाच्या वाढीइतकाच प्रवेशाच्या अधिकाराचा इतिहास आहे. टिफ्रॅकच्या काळात स्मृती अडत होती, १९७० नंतर परवाना अडत होता, १९८०च्या दशकात गणिती चकती अडत होती. आज साध्या संगणकाची क्षमता एका घराच्या कपाटांना पुरेशी आहे. तरीही ‘यंत्र मोठे हवे’ ही समजूत टिकून राहिली, तर लहान सुतार कर्ज काढून नको तो भाग विकत घेईल किंवा हे काम आपले नव्हेच असे मानून मागे राहील. दांडेकर समितीपुढील प्रश्न यंत्रामुळे काम जाईल का, हा होता. आजचा प्रश्न यंत्राविषयीच्या अज्ञानामुळे काम जाईल का, असा आहे. त्याचे उत्तर देण्यात महाविद्यालयांच्या संगणक व व्यवसाय शिक्षण विभागांचा वाटा असू शकतो. संगणक विकत घेण्यापूर्वी कामाचे स्वरूप तपासणे आणि आरेखनापूर्वी भिंतीला गुण्या लावून पाहणे, या दोन सवयी एकाच अभ्यासक्रमात शिकविण्याजोग्या आहेत.