चित्रकला, पदवी शिक्षण : मावळ परिसर

बारावीनंतर चार वर्षांत पूर्ण होणारा ललित कला पदवी अभ्यासक्रम. पहिले वर्ष पायाभूत असते. पुढे व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, रचनाचित्र, मुद्राचित्रण आणि कलेतिहास यांवर भर राहतो. लोणावळा पुणे-मुंबई लोहमार्गावर असल्याने मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय (स्थापना १८५७) किंवा पुण्यातील अभिनव कला महाविद्यालय हे येथील विद्यार्थ्यांपुढचे स्वाभाविक पर्याय ठरतात.

चित्रकाराला पदवी हवीच कशाला, हा आक्षेप जुना आहे आणि त्याचा भक्कम दाखला मावळातच सापडतो. कलाशाळेत न शिकलेल्या राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. परंतु त्यांचे चित्र घरोघरी पोहोचले ते प्रशिक्षित हातांमुळे. मूळ तैलचित्रातील रंग वेगळे करायचे, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगडावर रेखन करायचे आणि सगळे ठसे एकावर एक नेमके जुळवायचे, हे काम केवळ उपजत प्रतिभेवर निभत नाही. तेथे काम केलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये ज. जी.त दाखल झाले होते आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. पदवीने प्रतिभा मिळत नाही, हे खरे. मात्र माध्यमांची शिस्त, सहाध्यायांची टीका आणि परंपरेचे भान एकाच ठिकाणी मिळते. कार्ले-भाजे लेण्यांतील शिल्पांचे रेखाटन करताना हे भान विशेष उपयोगी पडते. नोकरीची हमी नाही, एवढ्यावरून हे शिक्षण निरुपयोगी ठरत नाही.